गोधड्यांचं क्लॉझेट

बाईचं अंग भाजत होतं आणि अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

काखेत हात घालून मी तिला क्लॉझेटच्या बाहेर ओढलं. पोरीनं पाय धरले होते, पण ते तिच्या हातून दोनदा सुटले. बाई जड होती. माझे गुडघे गेलेले, वय अठ्ठ्याहत्तर, तरी ओढलं. बाहेर गालिच्यावर निजवली तेव्हा तिचे डोळे अर्धे उघडे होते. तोंडातून तिच्या भाषेतलं काहीतरी येत होतं, तेच तेच, पुन्हा पुन्हा.

"आजी, ती काय म्हणतेय मला कळत नाहीये. हे शब्दच नाहीयेत," पोरगी म्हणाली. हेडफोन अजून तिच्या गळ्यात होते.

"शब्द जाऊ दे. नाइन वन वन लाव."

"मी गाडीनंच नेते ना. दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे. किल्ली, माझी किल्ली कुठंय?"

"फ्रिजमध्ये. राहू दे ती किल्ली. फोन लाव म्हणते ना!"

एसी चालू केला, पंखा चालू केला आणि मी जिना उतरले. रोज एकेक पायरी कठड्याला धरून उतरते. त्या दिवशी कशी उतरले ते आठवत नाही. फ्रिज उघडला तशी किल्ली फरशीवर पडली. वरच्या बर्फाच्या कप्प्यातून मटाराच्या दोन पिशव्या, खवलेल्या नारळाच्या तीन, भेंडीची एक, असं सगळं पदरात घेतलं. धुवायला काढलेलं माझं सुती लुगडं सिंकमध्ये ओलं केलं. वर येऊन बाईचा ब्लाऊज सोडला, लुगडं अंगावर टाकलं. मटार काखेत, नारळ मानेखाली आणि जांघेत.

"आजी, पाणी पाजू?"

"अजिबात नाही."

फोनवरची बाई इंग्रजीत तेच सांगत होती, असं पोरीनं नंतर सांगितलं. मला फोनवरचं कळलं नाही. मला आमच्याकडचं ठाऊक होतं. वर्धेकडे दुष्काळी कामावर आम्ही खडी फोडायचो. तिथं एक बाई अशीच कोरडी, तापलेली पडली. लोकांनी दया येऊन तिच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं. ते छातीत गेलं. तिचं लहान मूल बाजूला बाभळीखाली झोपलेलं होतं. ती उठली नाही.

"वारा घाल," मी पोरीला म्हटलं. तिनं वहीनं वारा घातला. त्या वहीत बाईचे शब्द लिहिलेले होते, वर्षभराचे.

अँब्युलन्स आली. चार माणसं जिना चढून वर आली, त्यांनी लुगड्यासकट बाईला उचललं, पोरगी त्यांच्याबरोबर गेली. मी खाली येऊन भिजलेल्या हातांनी फ्रिजची पिन लावली. तो घरघरायला लागला. त्या घरात आल्यापासून मी त्या आवाजाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दुपारी दुसरा आवाजच नव्हता.

*

ही पोरगी माझ्या सुनेच्या बहिणीची मुलगी. पुण्याची. ह्यूस्टनला भाषाशास्त्र शिकायला आली. मी चौथी पास आहे, त्यामुळे भाषेचं शास्त्र असतं हे मला तिच्याकडूनच कळलं. तिच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, जिच्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही अशी एक भाषा घ्या, ती बोलणारं एक माणूस शोधा आणि वर्षभर त्याच्यासमोर बसा. हिनं आफ्रिकेतली घेतली. तिकडे बांटू म्हणून भाषांचं मोठं घराणं आहे, शेकडो भाषांचं, त्यातली ही एक. काँगोच्या पूर्वेला, मोठ्या तळ्याच्या काठाला बोलतात.

"पुण्याहून टेक्सासला यायचं आणि काँगोची भाषा शिकायची," माझा मुलगा जेवताना म्हणाला. "सरळ काँगोलाच का नाही गेलीस?"

"काका, काँगोच इथं आलंय ना. तुमच्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर."

ते खरं होतं. चर्चमधल्या इंग्रजीच्या वर्गात तिला ही बाई भेटली. लढाईतून पळून टांझानियातल्या छावणीत बरीच वर्षं काढलेली, मग मुलीबरोबर ह्यूस्टनला आलेली. वय माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी कमी. मुलगी नर्सिंग होममध्ये कामाला. मंगळवारी आणि शुक्रवारी कामावर जाता जाता ती आईला ह्यूस्टनच्या बाहेर, शुगर लँडला, आमच्या घरी सोडायची, संध्याकाळी न्यायची. पोरीचं स्वतःचं अपार्टमेंट हायवेला लागून, ट्रकच्या आवाजात तिथं काही रेकॉर्ड होत नव्हतं. आमच्या घरात दिवसभर मी आणि भिंती. मुलगा-सून कामाला, नातू दुसऱ्या राज्यात कॉलेजला.

सुरुवातीला दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायच्या. पोरगी आधी फ्रिज बंद करायची, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये येते. आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची.

"हे काय गं खूळ?"

"आजी, किल्लीशिवाय मी घरी जाऊच शकत नाही. किल्ली घ्यायला फ्रिज उघडला की आतला दिवा बंद दिसतो, मग चालू करायची आठवण राहते. सगळे करतात. नाहीतर लोकांचं दूध नासतं."

मला ते आवडलं. शिकलेल्या माणसांची अशी एखादी साधी युक्ती पाहिली की बरं वाटतं.

तरी काम नीट होईना. बाई मशीनकडे बघून बोलायला तयार नव्हती. पोरगी शब्द विचारायची आणि प्रत्येक शब्द तीनदा म्हणायला लावायची. त्यांची तशी रीत आहे. पहिल्यांदा माणूस बिचकून बोलतं, शेवटी आवाज पाडतं, मधला खरा. पहिल्याच दिवशी बाईनं माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. पोरीला स्वाहिली, म्हणजे तिकडची सगळ्यांना समजणारी बाजारातली भाषा, येत होती, तिचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही मुलगी बहिरी आहे का? एक गोष्ट तीनदा विचारते."

मी हसले तशी बाईही हसली. त्यानंतर ती मशीनला नाही, मला शब्द सांगायला लागली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी मान हलवायची. शब्द सांगायला समोर माणूस लागतं, आणि तेही आपल्या वयाचं.

ती मला दादा म्हणायची. त्यांच्याकडे दादा म्हणजे बहीण. मुलगा म्हणाला, "आई, शेवटी या वयात तू दादा झालीस." मी म्हटलं, "तुझ्या घरात कोणीतरी व्हायला पाहिजेच होतं."

शब्दांच्या पलीकडे आमचं हातांनी चालायचं. मी भेंडी चिरायला घेतली की ती सुरी मागायची. शेंगदाणे ती माझ्यापेक्षा चांगले भाजायची, काळे न करता. माझी चकली तिनं एकदा खाल्ली आणि उरलेली रुमालात बांधून नेली, विचारलं नाही. मला तेही आवडलं.

पोरगी मला अधूनमधून समजावून सांगायची. आपल्याकडे तो, ती, ते असे तीन. त्यांच्याकडे पंधरा-सोळा गट. माणसांचा वेगळा, झाडांचा वेगळा, आणखी कशाकशाचे. शब्दाच्या पुढं त्या गटाचं एक अक्षर लागतं आणि मग वाक्यातले बाकीचे शब्दही तेच लावून येतात. मंडळाच्या कार्यक्रमाला आमच्या बायका ठरवून एका रंगाच्या साड्या नेसतात तसं, मी म्हटलं. पोरगी म्हणाली, "आजी, हे मी क्लासमध्ये सांगणार आहे." सांगितलं की नाही कोण जाणे.

आणि त्या भाषेत सूर असतो. अक्षरं तीच, पण वर म्हटलं तर एक आणि खाली म्हटलं तर दुसरं. तो सूर पोरीला पटकन सापडायचा नाही. मग ती बाईला म्हणायची, शब्द शिट्टीत वाजवून दाखवा. बाई ओठांचा चंबू करून शब्द वाजवायची. दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला लहानपणी शिट्टी वाजवल्याबद्दल आईनं पळीनं मारलं होतं. बाईनं मला खूण केली, तूही वाजव. मी फुंकर मारली तर कवळीच बाहेर यायला लागली. त्या दिवशी काही काम झालं नाही.

*

क्लॉझेटची कल्पना पोरीची, गोधड्या माझ्या. चार मी गावाहून आणल्या होत्या, तीन इथं जुन्या साड्यांच्या आणि मुलाच्या विरलेल्या शर्टांच्या शिवल्या. घरात कोणी पांघरत नाही, सगळ्यांना कंफर्टर लागतात. म्हणून सुनेनं त्या वरच्या मोठ्या क्लॉझेटमध्ये, कपड्यांच्या खोलीएवढ्या कपाटात, ठेवल्या होत्या. पोरगी एक दिवस तिथं काहीतरी काढायला गेली आणि आत उभी राहून तिनं टाळी वाजवली. मला वाटलं वेड लागलं.

"आजी! परफेक्ट! टाळी घुमतच नाही."

मग आम्ही सातही गोधड्या भिंतींना आणि दाराला आतून खिळ्यांनी लावल्या. आत दोन खुर्च्या, एक छोटा दिवा, मशीन. पहिले काही दिवस मीही आत बसले. पण मला खोकला येतो आणि बांगड्या वाजतात.

"आजी, बांगड्या काढता का प्लीज?"

"नवरा गेला तेव्हा काढल्या नाहीत, आता तुझ्या मशीनसाठी काढू?"

तेव्हा मला बाहेर बसवलं आणि काम नेमून दिलं. सुरू व्हायच्या आधी खालचा फ्रिज बंद करायचा, त्याची घरघर भिंतीतून वर येते म्हणे, मला कधी आली नाही. वरचा एसी बंद करायचा. कुकरसाठी वापरतो ती वीस मिनिटांची घंटा लावायची. घंटा झाली की दार ठोकायचं, एसी चालू करायचा, दोघींनी बाहेर येऊन दहा मिनिटं थंड व्हायचं, पाणी प्यायचं. दाराच्या बाहेर पोरीनं सायकलच्या मागचा लाल दिवा चिकटवला होता. रेकॉर्डिंग चालू असलं की तो लागलेला असायचा.

मार्च-एप्रिलमध्ये हे ठीक होतं. ऑगस्टमध्ये शुगर लँडमध्ये काय होतं ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. दार उघडलं की ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखं वाटतं. वरचा मजला तर एसी बंद झाला की पाव तासात तापतो.

त्या महिन्यात पोरीला सुटे शब्द पुरे झाले होते. तिला आता एक लांब बोलणं हवं होतं, मधे न तोडलेलं, त्यावरच तिचा प्रबंध उभा राहायचा होता. तिनं विचारलं, काय सांगाल? मला वाटलं बाई लढाईचं सांगेल. बाई म्हणाली, मासे कसे वाळवायचे ते सांगते. बोटाएवढे चांदीसारखे मासे. जाळ्यापासून बाजारापर्यंत, सगळं. एकही पायरी गाळायची नाही, कारण तिची मुलगी ते शिकली नाही आणि नातवंडांना तर मासा पिशवीत जन्मतो असं वाटतं.

मंगळवारी ती सुरू झाली. वीस मिनिटांनी घंटा झाली, मी दार ठोकलं. पोरगी बाहेर आली ती घामानं भिजलेली आणि चिडलेली.

"आजी, लाल दिवा दिसत नाही का तुम्हाला? वाक्याच्या मधे ठोकलंत. आता ती पुन्हा पहिल्यापासून सांगणार. अख्खी फाईल गेली!"

"घंटा झाली म्हणून ठोकलं. तूच सांगितलं होतंस."

"हो, पण... जाऊ दे. तुम्हाला कसं कळणार म्हणा."

एवढंच बोलली. थकली होती, लगेच विसरलीही असेल. मी विसरले नाही.

शुक्रवारी दोघी आत गेल्या, लाल दिवा लागला. मी बाहेर खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसले. वीस मिनिटांनी घंटा झाली. दिवा लागलेला होता. मी घंटा बंद केली आणि पुन्हा लावली नाही. म्हटलं, बस. तुझं तू बघ. तुला कळतं ना सगळं.

उकडत होतं. पण एक खरं सांगते, मला उकाड्याचा त्रास होत नाही. मी विदर्भातली. एसीनं माझी हाडं ठणकतात. त्या घरात वर्षानुवर्षं मी स्वेटर घालून बसते आणि त्या दुपारी एकदाची मला सुखाची ऊब लागली होती. आत बाई आहे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, त्या गोळीनं सारखं जावं लागतं म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी पाणीच पीत नाही, हे मला माहीत होतं. मीच तिला दोनदा त्यावरून रागावले होते. तरी मी शेंगा सोलत बसले.

आतून तिचा आवाज येत होता. आधी चांगला खणखणीत. मग संथ. मला वाटलं, गोष्टीतली संध्याकाळ झाली असेल. मग ती एकच काहीतरी पुन्हा म्हणायला लागली. आता त्या खोलीत सगळंच तीनदा म्हणायची रीत. पोरीलाही तसंच वाटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिची नजर मशीनवरच्या रेघांवर होती आणि तिला वाटलं, बाई आपल्याला समजावं म्हणून मुद्दाम परत परत म्हणते आहे, किती चांगली आहे.

मी शेंगा सोलता सोलता मोजत होते. सवयच झाली होती. तीन झालं. चार. पाच.

बाईनं वर्षभरात कुठलाही शब्द तीनच्या वर म्हटला नव्हता. चौथ्यांदा विचारलं की ती पोरीला बहिरी म्हणायची.

सहा झालं. सातव्याला मी शेंगा टाकून उठले. लाल दिवा लागलेलाच होता. दार उघडलं तर आतून जी वाफ आली ती भट्टीच्या तोंडासारखी होती. बाई खुर्चीत एका बाजूला कलली होती आणि पोरगी हेडफोन लावून तिच्याकडे पाठ करून बसली होती.

*

दोन दिवस ती आयसीयूत होती. शुद्ध दुसऱ्या दिवशी आली, पण मूत्रपिंडाचं काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते.

घरी मुलानं दार लावून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं.

"कोणी कुठं काही बोलायचं नाही. घर आपलं आहे, लायेबिलिटी आपल्यावर येते. तू तर नाहीच, आई. तुझा संबंधच नाही."

"माझा संबंध नाही कसा?"

"नाही म्हणतोय ना. तू बाहेर बसली होतीस."

पोरगी म्हणाली, "काका, मी माझ्या प्रोफेसरना कालच ईमेल केलंय. सगळं लिहिलंय. चूक माझी आहे."

तिनं लिहिलं होतं की एसी तिनं बंद करायला सांगितला, खोली तिनं निवडली, बाईकडे तिचं लक्ष नव्हतं. घंटेचं लिहिलंच नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं मी म्हातारी, मला ऐकू आली नसेल. सगळा भार तिनं स्वतःवर घेतला होता. जेवत नव्हती. पुण्याला परत जाते म्हणत होती. मी तीन दिवस तिच्यासमोर वरणभात ठेवला, उचलला आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी भित्री नाही, पण त्या तीन दिवसांत होते.

चौथ्या दिवशी तिच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. बाई झोपली होती. तिची मुलगी कामावरच्या निळ्या कपड्यांत तशीच भिंतीला टेकून उभी होती. पोरगी तिला रडत रडत माझी चूक, माझी चूक असं इंग्रजीत सांगायला लागली. मी तिचा हात धरला.

"थांब. तिला सांग, ह्या म्हातारीनं वीस मिनिटांची घंटा बंद केली. ऐकू आली होती. तुझ्यावर राग होता म्हणून बंद केली."

"आजी, नको."

"भाषा शिकतेस ना? मग मी म्हणते ते सांग. त्यातलं काही गाळू नकोस."

तिनं स्वाहिलीत सांगितलं. सांगताना मधेच तिचा आवाज बदलला, तेव्हा मला समजलं की तिलाही आत्ताच कळतंय. बाईच्या मुलीनं आईचं पांघरूण सारखं केलं. मग जे बोलली ते पोरीनं मला मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, मी दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची काळजी घेते. माझी आई दुसऱ्या म्हातारीवर सोपवली. ती माझी चूक. पण ती आता तुमच्या घरी येणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "हेही सांग."

परतताना पोरीनं गाडी हायवेला घेतली. मग म्हणाली, "मी काय बोलले होते तुम्हाला, मंगळवारी?"

मी सांगितलं.

"मला आठवतच नाहीये."

"तुला कशाला आठवेल. रस्त्याकडे बघ."

युनिव्हर्सिटीनं तिचं काम थांबवलं. कागद भरून घेतले, प्राध्यापक दोनदा तिच्याशी बोलले. बंद खोलीत, एसी बंद करून कुठल्याही माणसाला बसवायचं नाही, वर्गातल्या कोणीच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि महिन्याभरानं त्या अटीवर तिला मोकळीक दिली. मी गोधड्या उतरवल्या, धुतल्या आणि मागच्या कुंपणावर वाळत घातल्या. आठवड्यात वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं की कुंपणावर कपडे वाळत घालायला बंदी आहे. मुलगा पत्र घेऊन माझ्यासमोर आला, माझा चेहरा पाहिला आणि पत्र घेऊन परत गेला.

सप्टेंबर गेला. मंगळवार-शुक्रवार मी उगाच जास्तीचे शेंगदाणे भाजायची. पोरगी घरी यायची, पण वही उघडायची नाही. बाईचं कळायचं ते चर्चमधून: मूत्रपिंड सावरलं, चालते, मुलगी तिला एकटीला सोडत नाही.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी दाराची बेल वाजली. बाईची मुलगी उभी होती, हातात पाण्याची मोठी बाटली. तिच्या मागं बाई. वाळली होती, कपाळाची हाडं दिसत होती. हातात माझं लुगडं, धुऊन इस्त्री केलेलं.

मुलगी पोरीशी रागानंच बोलत होती. पोरगी मला सांगत होती, "म्हणते, दोन महिने ही मला झोपू देत नाहीये. मासे वाळत घातलेत आणि उलटवले नाहीत म्हणते. अर्धं सोडून उठायचं नसतं. मी इथंच बसणार आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर जे व्हायचं ते होऊ दे."

बाई आत आली, स्वयंपाकघरातल्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघून लांबलचक काहीतरी बोलली. तिची मुलगी रागात होती तरी हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, दादा, मासे वाळत घातले आणि वाळले मी. तुझ्या मटारांनी वाचवलं. आता ते शिजवून घाल."

मी तिला म्हटलं, मराठीतच, कारण दुसरी भाषा मला येत नाही, "घंटा मी बंद केली होती."

पोरीनं ते तिला सांगितलं, पण तिच्या मुलीनं आधीच सांगितलेलं होतं. तिनं हात झटकला. माफ केलं की विषय बदलला, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोरीनं मशीन टेबलावर ठेवलं. एसी चालू, फ्रिज चालू. तिनं एकदा फ्रिजकडे बघितलं.

"घरघर येईल," मी म्हटलं.

"येऊ दे."

किल्ली तिनं टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. बाईच्या मुलीनं झाकण उघडून बाटली आईच्या हातात दिली आणि ती दोन घोट पिईपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही. मग बाईनं मासे उलटवायला घेतले. मधे दोनदा तिची मुलगीच म्हणाली, थांब, हे पुन्हा सांग, आणि पाण्याची बाटली तशीच हातात धरून ऐकत बसली. बाजारापर्यंत पोचायला दुपार गेली. जुन्या क्लॉझेटमधली ती शेवटची फाईल बाईनं पुसायला सांगितली आणि पोरीनं तिच्यासमोर पुसली. त्यात शेवटी ती काय म्हणत होती ते तिला आठवत नव्हतं आणि आम्हाला कळलं नव्हतं.

पोरीचा प्रबंध एक वर्ष उशिरा झाला. त्यातले सुरांचे तक्ते फ्रिजच्या आवाजानं अधूनमधून बिघडले आहेत, असं तिनं त्यात स्वतःच लिहिलं आहे. मी तो वाचू शकत नाही. पहिल्या पानावर बाईचा अंगठा आहे, सहीच्या जागी.

ह्याला आता तीन वर्षं झाली. मी एक्याऐंशी वर्षांची आहे. बाई चौऱ्याहत्तरची. दर शनिवारी तिची मुलगी तिला सोडते, आणि आता सोडून कामालाही जाते. दुष्काळी कामावर माझ्यासमोर जी पडली ती मेली. ही जगली.